पाव फेरा

गल्लीच्या तोंडाशी आधी एक लाल बॉनेट दिसलं, मग बिनछपराची, बिनदारांची एक बुटकी गाडी, आणि शेवटी ती ढकलणारा घामाघूम तरुण. आत्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानाच्या पायरीवर पिटू हातात ब्रश घेऊन पार्ट धूत बसली होती. गाडी नेमकी तिच्या पुढ्यात येऊन थांबली... आणि तिचा ब्रशही.

"विकत घेतलीत की सापडली?" तिनं विचारलं.

"बनवली." तो धापा टाकत म्हणाला. "एकेक भाग मागवून, दर सुट्टीला जोडत बसायचो. आज पहिल्यांदा रस्त्यावर काढली, तर भर चौकात अब्रू घालवली हिनं."

पिटू हसली नाही. हसू आलं होतं, पण तिनं ते गालातच ठेवलं. "स्टार्टर मारा बघू."

इंजिन खोकलं, थरथरलं, दोनदा फटफटलं आणि गप्प झालं. पिटूनं कार्बोरेटरची दांडी बोटानं हलवून पाहिली. ती हलत्या दातासारखी डुगडुगत होती.

"झिजलाय. बाजूनं हवा ओढतोय. दुरुस्तीत अर्थ नाही, दुसरा बसवा."

बोलता बोलता कळलं, तो नकाशे काढायच्या खात्यात होता. आत्यानं त्याचं नाव तेव्हाच ठेवून टाकलं – नकाशेवाला. काचेच्या कपाटापाशी तो बराच वेळ रेंगाळला. पिटूनं एक छोटा, साधासा कार्बोरेटर काढून दिला. त्याची नजर मात्र वरच्या फळीवरच्या मोठ्या, चकचकीत, दोन तोंडांच्या कार्बोरेटरवर खिळली.

"तो नको," पिटू म्हणाली. "तुमचं इंजिन एवढंसं. एवढ्या मोठ्या तोंडातून हवा रमतगमत येईल, पेट्रोल तिच्यात नीट मिसळणार नाही. पाय दाबलात की गाडी आचके देईल."

"पण... दिसायला काय आहे!"

"दिसण्यावर जाऊ नका."

"मग कशावर जाऊ?" असं म्हणून त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहत राहिला. पिटूनं घाईघाईनं मोठा कार्बोरेटर खोक्यात भरला.

अपेक्षेप्रमाणे तो पुन्हा आला. गाडीही आचके देत आली, मागे काळ्या धुराची शेपटी.

"सांगितलं होतं," पिटू म्हणाली.

"ऐकायला हवं होतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पडलेला अजिबात वाटेना.

त्या दुपारी भुरभुर पाऊस होता. गाडी दुकानासमोरच उभी राहिली. पिटू बॉनेटखाली वाकली आणि तो तिच्या नि इंजिनाच्या डोक्यावर छत्री धरून स्वतः भिजत राहिला. छोट्या कार्बोरेटरची भोकं इंजिनाच्या बोल्टांशी जुळेनात, तेव्हा तिनं मध्ये बसवायला एक पट्टी शोधली. फटीतून हवा जाऊ नये म्हणून मध्ये घालायचा गॅस्केटचा जाड कागद त्या पट्टीवर ठेवून ती कडेकडेनं हातोडीनं हलकेच टकटक करू लागली. कागद सरकू नये म्हणून त्यानं मोकळ्या हाताची बोटं टेकवली – तिच्या बोटांना अगदी लागून. दोघांनीही हात मागे घेतला नाही. कागदावर भोकांचे आकार हळूहळू उमटत गेले, आणि छत्रीवर पाऊस वाजत राहिला...

"इतकी घाई कसली हो, भिजत काम करायची?" आत्यानं आतून विचारलं.

"रविवारी निघायचंय, आत्या. बदली झालीय, वर डोंगरात. म्हटलं, आपल्या गाडीनंच जाऊ."

हातोडी थांबली. क्षणभरच. मग पुन्हा टकटक सुरू झाली.

कार्बोरेटर बसला. पाइप जोडला, केबल ओढली. इंजिन सुरू झालं. आता उरला होता तो फक्त हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू. तिनं कान जवळ नेला. पाव फेरा... इंजिन सावरलं. आणखी पाव फेरा... आवाज झोपेतल्या श्वासासारखा संथ झाला. आता तिच्या मनात आलं, एवढासाच उलटा फिरवला तर? गाडी चढावर दमेल. तो परत येईल. यावंच लागेल त्याला.

स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात कितीतरी वेळ तसाच राहिला. मग तिनं तो बाहेर काढला.

"झालं," ती म्हणाली. "एक चक्कर मारून बघा."

"एकटा? मध्येच बंद पडली तर?"

"जा गं," आत्या म्हणाली. "दोनच सीटा आहेत म्हणून, नाहीतर मीही आले असते."

पाऊस उघडला होता. गावाबाहेरचा रस्ता ओला, रिकामा. गाडी पाण्यावरून सरकावी तशी निघाली. वारा पिटूच्या केसांत, डोळ्यांत. पुलापलीकडे त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही.

"किती छान चालतेय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

पिटूला राहवेना. "मी मघाशी स्क्रू बिघडवणार होते."

"का?"

ती समोर बघत राहिली. "तुम्ही परत यावं म्हणून."

"मग... का नाही बिघडवलात?"

"त्या बिचाऱ्या इंजिनानं माझं काय घोडं मारलंय?"

तो मोठ्यानं हसला, आणि मग तिच्याकडे वळला. "मलाही एक सांगायचंय. तो मोठा कार्बोरेटर चुकीचा आहे, हे मला पहिल्या दिवशीच पटलं होतं. पण बरोबरचा नेला असता, तर पुन्हा यायला कारण काय उरलं असतं?"

पिटूनं झटकन त्याच्याकडे पाहिलं. कान तापल्यासारखे झाले. रागवावं की हसावं, कळेना.

"डोंगर काही जगाच्या टोकाला नाही," तो हळूच म्हणाला. "दर सुट्टीला उतरून येता येईल. काही न बिघडता... आलो तर चालेल?"

"ये," ती म्हणाली.

तो शब्द निसटून गेला आणि मग तिला कळलं. त्यालाही.

"आत्ता काय म्हणालात?"

"काही नाही."

"पुन्हा म्हणा ना..."

"ये रे," पिटू म्हणाली, अगदी हळू, पण स्पष्ट. त्यानं तिचा हात हातात घेतला. इंजिन संथपणे चालूच होतं, आणि गाडी वळवायची घाई दोघांपैकी कुणालाच नव्हती.