पुढचा डाव तुझा

खरं-खोटं मला विचारू नका, पोरांनो. चष्मेवाल्याला विचारा. मागच्याच गल्लीत दुकान आहे त्याचं, आणि थापा मारणाऱ्यांतला तो नाही.

गेल्या वर्षी, नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, दुकान बंद करून तो कन्व्हर्टर आणायला गेला. आईने माळा आवरताना सापडलेला व्हिडिओ गेमचा जुना रिमोट पाठवला होता आणि त्याची पिन आताच्या कॉम्प्युटरला कुठेच बसत नव्हती. "हे मध्ये लावा, की झालं," दुकानदार म्हणाला. झालं कसलं, डोंबल!

घरी येऊन त्याने रिमोट आधी स्पिरिटने लख्ख पुसला. दिवसभर काचांवरचे बोटांचे ठसे पुसणारा माणूस, डाग त्याला खपत नाही. लहानपणीचा तो खेळ कॉम्प्युटरवर उतरवून ठेवला होताच. मग रिमोट जोडला. कॉम्प्युटर म्हणे, ओळख पटत नाही. काढला, पुन्हा घातला. ड्रायव्हर टाकला, उडवला, दुसरा टाकला. ओळख पटत नाही.

"अहो, नवा मिळतो की बाजारात," बायको दारातून म्हणाली.

"नवा नकोय मला! हाच चालला पाहिजे."

"मग बसा डोकं फोडत." ती झोपायला गेली.

हट्टाला कारण होतं. रिमोटची वायर लहानपणीच मुळाशी तुटत आली होती. तिथे चिमटीत दाबून धरली तरच चालायचा. हा खेळायचा आणि धाकटी बहीण, छकुली, शेजारी बसून वायर धरायची. तिची बोटं कायम गोळ्या चघळून चिकट, त्यावरूनही हा खेकसायचा.

"दादा, माझा डाव कधी?"

"पुढचा तुझा. आधी नीट धर!"

तो पुढचा डाव आलाच नाही. आठव्या वर्षी तापाने गेली बिचारी. इतकी वर्षं झाली, ते त्याला अजून खुपतं.

साडेबारा वाजले. वायर दाबली की कन्व्हर्टरचा दिवा लागायचा, बटणांकडे हात नेला की विझायचा. लागायचा, विझायचा. शेवटी त्याचं टाळकं सरकलं.

"मर मेल्या!" म्हणत त्याने रिमोट टेबलावर आपटला.

दिवा लागला.

त्याने हात लावला नव्हता. वायर मुळाशी दबलेली होती... चिमटीत धरल्यासारखी.

त्याने हळूच रिमोट उचलला. एक बटण दाबलं. खेळ सुरू झाला. दिवा विझला नाही.

"छकुले...?"

दिवा तसाच.

तो वायरकडे बघत म्हणाला, "सोड आता. हा डाव तुझा."

दिवा विझला.

त्याने रिमोट शेजारच्या खुर्चीवर ठेवला. वायर चिमटीत धरली... दाबली. दिवा लागला. पडद्यावरचा माणूस उभा होता. मग एक पाऊल चालला. पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा उठला... पुन्हा पडला.

तिला कुठे येत होतं? कधी खेळलीच नव्हती.

"उडी मार... आता... मार उडी..." तो पुटपुटत राहिला. वायर सोडली नाही.

सकाळी बायकोने पाहिलं, तेव्हा त्याची बोटं उघडत नव्हती.

तो रिमोट आता दुकानातल्या कपाटात आहे. लाल बटणावर एक इवलासा ठसा आहे. चिकट. रोज सकाळी तो सगळं दुकान पुसतो, काच न् काच. तेवढा ठसा सोडून.