भुशाचं रेडकू

ही गोष्ट खरी आहे. भागूबाईंनी स्वतः सांगितली, आणि खोटं रचून सांगण्याची त्या बाईला हौस नाही.

यंदाचा फाल्गुन. बेलापूरच्या अलीकडे, कॅनॉलच्या कडेला त्यांची वस्ती. हे सुरू झालं ती वेळ रात्रीची नव्हे… संध्याकाळच्या धारेची. चांगला उजेड होता.

त्या आठवड्यात घराने दोन मरणं पाहिली होती. सून रोहिणीची अठ्ठावीस दिवसांची लेक गेली. तिसऱ्या दिवशी म्हशीचं रेडकू गेलं.

मुलगा गोरक्ष टेम्पो घेऊन पुन्हा कामावर गेला होता. घरात दोघी बायका.

रोहिणी जेवत नव्हती, बोलत नव्हती. दाराशी बसून राहायची. गोठ्यात चंद्री म्हैस पान्हा सोडत नव्हती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात भुसा भरून ते म्हशीपुढे ठेवतात. ती चाटते, फसते, दूध देते. जुनी रीत आहे.

चंद्री फसेना.

म्हणून भागूबाईंनी गहिनीनाथाला बोलावलं. चुकलं ते इथेच.

गहिनीनाथ गावातलाच. पुण्यात कुठल्याशा प्रयोगशाळेत होता, तिथून काढून टाकलेला. मळ्यातल्या शेडमध्ये तारा, मोटारी, बाटल्या घेऊन एकटाच बसायचा. काटकुळा, दर महिन्याला आणखी वाळत चाललेला.

"मावशी, माया म्हंजी काय? वास, ऊब आन् श्वास. बास. तीनच गोष्टी."

"आन् जीव रं? तो काय तुझ्या बॅटरीत हाय व्हय?"

तो हसला. "जीव तिचा ती घालती की."

त्याने रेडकाच्या पोटात एक डबी शिवली. बटण दाबलं.

रेडकाची कूस वर आली… खाली गेली…

चंद्रीने हुंगलं. चाटलं. आणि पान्हा असा सुटला की चरवी भरून फेस उतू गेला.

"येडा म्हनत्यात तुला," भागूबाई म्हणाल्या, "पन डोस्कं लई भारी!"

गहिनीनाथाचं लक्ष नव्हतं. तो दाराकडे बघत होता. रोहिणीचा पदर दुधाने ओला झाला होता.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "पोरीचं एखादं झबलं हाय का? न धुतलेलं?"

भागूबाईंनी दांडकं उचललं. "चालता हो, मुडद्या! पुन्यांदा हिकडं दिसलास तर तंगडं मोडीन!"

तो निमूट गेला.

आठ दिवसांत चंद्रीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. वैरणीला तोंड लावेना. दूध मात्र थेंबाने कमी नाही.

आणि रेडकू…

आधी भागूबाई ते एका हाताने उचलायच्या. आता दोन्ही हातांनी उचलेना.

त्यांनी शिवण उसवली. डबी बाहेर काढून फेकली.

आत नुसता भुसा.

कूस वर आली… खाली गेली…

भागूबाईंनी ते फरफटत बांधावर नेलं आणि उसाच्या पाचटात पेटवून दिलं. जाळ वर चढला तशी गोठ्यातून चंद्री एकदाच रेकली. मग कोसळली.

उठलीच नाही.

डोळे पुसत त्या घराकडे वळल्या, आणि जागीच थांबल्या.

आतून अंगाई ऐकू येत होती.

रोहिणी भाकरी खात होती. किती दिवसांनी! मांडीवर लेकीची कुंची, दोऱ्याने बांधलेली.

कुंची वर आली… खाली गेली…

"कुनी दिलं गं हे? तो येऊन गेला व्हय?"

"हळू बोला, आत्या. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

भागूबाई अनवाणी धावल्या. शेडमध्ये गहिनीनाथ बाजेवर पडला होता, वाळक्या काटकीसारखा. शेजारी हिरव्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी… श्वास घेत होतं. लुगडं त्याच्या आईचं. तिला जाऊन चार वर्षं झाली, सरणाला सगळं गाव होतं.

"बंद कसं करायचं रे हे? सांग बाबा, पाया पडते तुझ्या."

गहिनीनाथाने मोठ्या कष्टाने मान वळवली.

"मावशी… ते ठावं असतं, तर मी असा ऱ्हायलो असतो का?"

डॉक्टर रोहिणीला सलाइन लावतात. रक्त चढवतात. ते कुठे जातं, त्यांना कळत नाही. गोरक्ष म्हणतो, जाळून टाकू ते गाठोडं. तेव्हा भागूबाई त्याचा हात घट्ट धरतात. त्यांना चंद्रीचं रेकणं आठवतं.

ठेवलं तरी सून जाणार. जाळलं तरी जाणार.

परवा भर दुपारी रोहिणीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या. ती हसली.

"आत्या, कुंची घट्ट व्हाया लागली. मोठी शिवा ना."

भागूबाईंनी सुईत दोरा ओवला. माप घ्यायला त्यांनी पहिल्यांदाच त्या गाठोड्याला हात लावला.

ऊब होती…

आणि हात मागे घ्यावा, असं त्यांना वाटेना.