चारशे बारा पावलं

मी वजनकाटे तपासतो. दुकानांतले, गोदामांतले, औषधांच्या कारखान्यांतले. तेच वजन दहा वेळा ठेवायचं, दहाही वेळा आकडा लिहायचा आणि मगच तोंड उघडायचं. चूक दाखवणारा काटा मला चालतो, कारण चूक किती ते मोजता येतं. काहीच न दाखवणाऱ्या काट्याची मात्र मला धास्ती वाटते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी जो शहाणपणा केला तो कळूनसवरून केला हे लक्षात येईल.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी धाकटी बहीण. लहानपणापासून तिच्या तोंडाला विश्रांती नाही, म्हणून तिचं नाव टिटवी पडलं. दोन वर्षांपूर्वी अपघात झाला. गाडी मी चालवत होतो. मला खरचटलं, आणि टिटवीचं कमरेखालचं सगळं गेलं. पायाला सुई टोचली तरी तिला कळत नाही. तिने मला एकदाही बोल लावला नाही, आणि मला तेच जास्त लागतं.

आता ती चालते ती कॉम्प्युटरवरच्या एका खेळात. त्यात मारामारी नाही, काही जिंकायचंही नाही. एक लाकडी घर, दारातून निघणारी पायवाट, मग पूल, मग टेकडी. पलंगावर आडवं सरकणारं टेबल आहे, त्यावर मोठा स्क्रीन. स्क्रीनपलीकडे तिचे पाय असतात, पण ते तिला दिसत नाहीत. बरंच आहे ते. माझं काम तीनला सुटतं. साडेतीनला मी कॉफी करतो आणि आम्ही दोघं फिरायला निघतो, म्हणजे ती निघते आणि मी शेजारी बसून पाहतो.

कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड सहा वर्षांचं होतं. झेपेल तेवढं ते काढायचं आणि पुढचं सगळं धुक्यात ढकलायचं. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी आकडा लावून ठेवला होता, सेकंदाला किती चित्रं काढली जातात त्याचा. तो साठावर असायचा. पण पूल ओलांडला की एका जागी चित्र अडखळायचं आणि आकडा एकतीसवर यायचा. दोन पावलं पुढे गेलं की पुन्हा साठ.

जिथे काढायला जास्त असतं तिथे कार्ड दमतं. एवढं मलाही कळतं. पण त्या जागी नुसतं गवत होतं.

"कार्ड म्हातारं झालंय," मी म्हणालो. "बदलायला हवं."

"राहू दे रे. तो असतो तिथे."

"कोण तो?"

"मला काय माहीत? दिसतोय थोडाच. पण असतो." आणि ती हसली. तिच्या थापा मला पाठ आहेत, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

रविवारी कार्ड काढून दुकानात नेलं. दुकानदाराने ते स्वतःच्या मशीनवर दोन तास दामटवलं, आणि आकडा एकदाही हलला नाही.

"ठणठणीत आहे साहेब. माझं ऐकाल तर आत्ता घेऊ नका. साठ दिवसांत नवीन येतायत, मग आजचीही स्वस्त होतील. थोडा धीर धरा."

मला पटलं. धीर धरायला माझं काय जात होतं? फक्त सवयीने मी वही काढली. चालताना पावलांचा आवाज येतो, तो मोजला. लाकडी घराच्या दारापासून अडखळण्याच्या जागेपर्यंत चारशे बारा पावलं. टिटवीला दहा वेळा चालायला लावलं. दहाही वेळा चारशे बारा.

"तू माणूस आहेस की तराजू?" ती वैतागून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चारशे चार भरली. तिसऱ्या दिवशी तीनशे शहाण्णव.

मी पुन्हा दहा वेळा मोजलं. खेळ काढून पुन्हा टाकला. आतल्या फायली नव्याने घेतल्या. चौथ्या दिवशी तीनशे अठ्ठ्याऐंशी. रोज आठ पावलं, एक कमी नाही, एक जास्त नाही. वहीच्या कडेला भागाकार केला. अजून अठ्ठेचाळीस दिवसांनी ते दाराशी येणार होतं, आणि दुकानदार म्हणत होता साठ दिवस थांबा.

मी वही मिटली. मला भीती वाटली हे मला कबूल करायला हवं. खेळातल्या गवताची भीती. कुणाला सांगायची सोय नव्हती.

टिटवीला मात्र रोज विचारायचं असायचं, "आज कितीवर आला?" मी सांगायचो. ती खूश व्हायची. "दोन वर्षांत माझ्याकडे आपणहून येणारा हा पहिलाच बघ," ती म्हणाली. मैत्रिणी आधी यायच्या, मग फोन करायच्या, मग तेही बंद झालं.

पुढचे पंचेचाळीस दिवस मी असेच काढले. दुकानापर्यंत जायचो आणि परत यायचो. रोज सकाळी ठरवायचो आज घ्यायचं, संध्याकाळी म्हणायचो थांबू. मग अंतर अठ्ठावीस पावलांवर आलं. आता टिटवी लाकडी घराच्या पायरीवर नुसती उभी राहिली तरी चित्र थरथरायचं. त्या दुपारी ती बराच वेळ धुक्याकडे बघत होती. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आमची टिटवी, आणि गप्प.

मी उठलो, दुकानात गेलो आणि कार्ड घेऊन आलो.

"शेवटी घाई केलीच," दुकानदार म्हणाला.

नवीन कार्ड बसवलं. धुकं गेलं. टेकडीपर्यंत, टेकडीपलीकडच्या तळ्यापर्यंत सगळं लख्ख दिसायला लागलं. कुणीही नव्हतं. आकडा एकशे चाळीसवर खिळला. तिला पूल ओलांडून दहा वेळा नेलं, आकडा तसूभर ढळला नाही.

"बघ," मी म्हणालो. "कार्डच होतं ते."

"गेला तो," टिटवी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मला मात्र कित्येक दिवसांनी शांत झोप लागली.

तीन दिवस छान गेले. चौथ्या दुपारी काम करताना एका किराणावाल्याला मी झापत होतो. त्याने बिघडलेल्या काट्याचा आकडाच कागद चिकटवून झाकला होता. "चूक झाकली म्हणजे गेली का हो?" मी विचारलं, आणि त्याला तसाच सोडून तडक निघालो.

घरी येऊन जुनं कार्ड खणातून काढलं. तेच पुन्हा बसवलं. पुन्हा धुकं आलं. टिटवी पायरीवरून निघाली, पूल ओलांडला, टेकडीच्या पायथ्याशी गेली, परत आली.

सगळीकडे साठ होते.

एकाही जागी एकतीस नाही. जुनं कार्ड आणि साठ. मी दहा वेळा बघितलं. आता तिथे खरंच काही नव्हतं.

"दादा," टिटवी म्हणाली, "हल्ली तू पॅसेजमध्ये मधेच का थांबतोस?"

"मी कुठे थांबतो?"

"रोज थांबतोस. परवा चपलांपाशी, काल मीटरपाशी, आज कपाटापाशी. एक पाय वर धरून. मग पुन्हा चालायला लागतोस. मला वाटलं मस्करी करतोयस."

मी थांबत नव्हतो. निदान मला तसं कळत नव्हतं. मोबाईल स्टुलावर उभा केला आणि दारापासून तिच्या पलंगापर्यंत चालत गेलो. मग पाहिलं. चित्रात भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा नीट चालला होता. मीही चाललो होतो. कपाटापाशी माझा उजवा पाय हवेत राहिला. डोळे उघडे होते, पापणी हलत नव्हती. काटा दोनदा पुढे सरकला. मग मी पाय टेकवला.

दहा वेळा चाललो. दहाही वेळा तिथेच.

तिथून पलंग अकरा पावलं.

दुसऱ्या दिवशी दहा भरली. तिसऱ्या दिवशी नऊ. पलंग खिडकीकडे ओढून नेला. "काय उंदीरबिंदीर आहे का?" टिटवीने विचारलं. मधे तीन पावलं वाढायला हवी होती. दुपारी मोजलं तर आठ होती.

टिटवीला दुसरीकडे हलवावं म्हणून फोन केले. जागा मिळत होती. पण मग कळलं, तिथेही आठच असतील, किंवा सात.

पाच.

तीन.

मी पॅसेजमध्ये चालायचं टाळायला लागलो. ती हाक मारायची तेव्हा जावंच लागायचं. जाताना मला काही कळायचं नाही, आणि ती म्हणायची, "आज दाराच्या आत थांबलास."

आज साडेतीनला कॉफी केली. दोन्ही हातांत एकेक कप घेऊन तिच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलो आणि तिथेच थांबलो. या वेळी मी स्वतः थांबलो. उन्हं आत आली होती. टिटवी खेळात पुलावर उभी होती, नजर स्क्रीनवर. टेबलाआडचे तिचे पाय तिला दिसत नव्हते. मला दाराकडून दिसत होते. डाव्या पावलाजवळ चादर थोडी दबली होती.

तिचा कीबोर्डवरचा हात थबकला.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली. मान वळवली नाही. "माझ्या पायाला हात लावलायस का तू?"

दोन वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. माझ्या दोन्ही हातांत कप होते. पलंग माझ्यापासून चार पावलं लांब होता.

"हो," मी म्हणालो.

ती रडत होती, आणि हसतही होती.

"मग काढू नकोस ना," ती म्हणाली. "राहू दे असाच."