चाळीस हातोड्या

जळकी चिप तिने कागदात गुंडाळून काउंटरवर ठेवली. सुट्या भागांच्या त्या दुकानात तो पाठमोरा बसून तारांना डाग देत होता. मान न वळवताच म्हणाला, "पुडी सोडू नका. वासावरूनच कळलं."

अशी झाली दोघांची ओळख.

तिच्या बाबांचं चाळीस लाकडी पट्ट्यांचं वाद्य होतं. बाबांचे हात थरथरू लागले, तेव्हा तिने ठरवलं, प्रत्येक पट्टीवर विजेची छोटी हातोडी बसवायची. पण त्या हातोड्यांना हुकूम देणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला तारा जोडायचे पाय जेमतेम वीस. म्हणून तिने पाय वाढवणारी चिप आणली आणि हातोड्या थेट तिलाच जोडल्या; तीच ही जळकी.

"ही बिचारी नुसते निरोप पोचवते," तो म्हणाला. "तीन तारांवर घेते, आठ ठिकाणी देते. तुम्ही तिच्या डोक्यावर पोती दिलीत. ओझ्याला ही दुसरी, ड्रायव्हर चिप. दोघींची जोडी जमवायची."

"जोड्या जमवायचाही धंदा आहे वाटतं इथे?"

त्याचे कान लाल झाले. त्याने एकच जोडी पुढे केली. "आधी आठ वाजवून बघा. मग... या."

आठ हातोड्या वाजल्या. मग सोळा, मग चोवीस. दर खेपेला एक जोडी आणि अर्धा तास गप्पा. बत्तीस झाल्या, त्या दिवशी मात्र ती ताटासमोर हिशेब करत बसली. चाळीस झाल्यावर दुकानात जायला निमित्त काय उरणार?

"अगं, पाचही जोड्या एकदम का नाही आणल्यास?" बाबा म्हणाले. "एकीला दुसरी जोडत हव्या तेवढ्या लावता येतात, चिपच्या या माहितीपत्रकातच लिहिलंय. तो दुकानातला पोरगा एक तर अडाणी आहे, नाहीतर भलताच हुशार."

दुसऱ्या दिवशी तिने पत्रक त्याच्यासमोर पसरलं. "पाचही जोड्या पहिल्याच दिवशी देता आल्या असत्या."

"हो."

"मग?"

त्याने चिमटा उचलला, परत ठेवला. "मग तुम्ही एकदाच आला असतात."

तिने पत्रकाची घडी घातली.

"आज दोन जोड्या द्या."

"तुमची एकच राहिलीय. चाळीसला पाच पुरतात."

"सहावी रिकामी राहू दे. ती लावायला तुम्ही घरी यायचं. बाबांना बघायचंय, तुम्ही अडाणी की हुशार."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला... ते ठरवायच्या आधीच तुम्ही आवडून बसलात."

त्याने खण उघडला, आणि दोन जोड्या मोजताना दोनदा चुकला.