भर घालत जा

आपल्या दुकानातून विकलेली विजेची वस्तू बिघडली की डोंबिवलीचे प्रभाकरशेट स्वतः पिशवी उचलून गिऱ्हाइकाच्या घरी जायचे. शाळा चौथीपर्यंत, पण इस्त्रीपासून गिझरपर्यंत सगळं उघडून उघडून शिकलेले. ब्याण्णवच्या जानेवारीत एका दुपारी ते असेच जवळच्या दिवा गावी निघाले. काम फुटकळ, वाफेच्या मशीनचं. खोक्यावर ह्युमिडिफायर असं भारदस्त नाव, पण ते म्हणतो कोण!

मशीन पावसाळ्यात मनुबाईनं नेलं होतं. जन्म मिठागरात गेलेली आगरी म्हातारी, छातीत दमा. शेटांनी समजावलं, "भांड्यात पाणी, चिमूटभर मीठ. मिठाशिवाय वाफ धरत नाही. आणि पाणी रोज फेकून भांडं घासायचं."

"मीठ मला शिकवतंस व्हय रं?" म्हातारी हसली. "पन फेकायला पानी आनू कुठून? दिव्याला दोन दिसांनी येतं." आणि खोकं परत सरकवू लागली.

हातचं गिऱ्हाईक जाताना दिसलं की शेटांच्या जिभेवर साखर यायची. "मग नका फेकू. वरून भर घालत जा. चालतं."

दिवाळीआधी म्हातारी गेली. कुजक्या पाण्याच्या वाफेनं छाती भरली, असं डॉक्टर म्हणाल्याचं शेटांच्या कानावर आलं होतं. ते त्यांनी घरातही कुणाला सांगितलं नाही.

दार म्हातारीच्या सुनेनं, जयानं उघडलं. कडेवर चार महिन्यांची पोर. पोरीच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती.

"थंडीत हिच्यासाठी काढलं, शेट. रोज घासून पालथं घालते. सकाळी बघावं तर काठोकाठ भरलेलं."

"मालक भरत असतील."

"ते मोहन्याच्या कारखान्यात, रातपाळीला. माळ्यावर टाकलं, तर वरून वाफ उतरली... वायर तर काढून माझ्या हातात होती."

मशीन कोपऱ्यात होतं. झाकण कोमट. उघडताच खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलाचा वास खोलीभर पसरला. शेटांनी पाणी मोरीत ओतलं, भांडं फडक्यानं कोरडं केलं आणि समोर ठेवलं.

टप्... टप्...

तळाशी चिमूटभर खडेमीठ पडलं. त्यावर पाणी चढू लागलं, कुणी तांब्यानं बेतानं ओतावं तसं. पोरीची शिट्टी चिरकली. ओठ निळसर झाले.

"शेट, काहीतरी करा ना..."

शेटांना आपलेच शब्द आठवले: भर घालत जा. म्हातारी सांगितलेलं पाळत होती. त्यांनी रिकाम्या खोलीपुढे हात जोडले. "मनुबाई... मी खोटं बोललो. भर नाही घालायची. पाणी रोज फेकायचं असतं. सगळं. रोज."

पाणी थांबलं. थोड्या वेळानं पोरीचा श्वास मोकळा झाला, आणि जया भिंतीला टेकून रडली.

आठ दिवसांनी शेट चौकशीला गेले. दारातून पाहिलं तर पिंप, कळशी, तांबे सगळं पालथं. मोरी ओली, आतून भांडी घासल्याचा आवाज.

"रोज सकाळी असंच, शेट," जया पुटपुटली. "घरातला थेंब न् थेंब फेकलेला. शेजारून मागून आणते, वळून बघते तर तेही... हिची दुधाची बाटलीसुद्धा."

पोर मांडीवर निपचित. श्वास स्वच्छ. पण कातडी सुरकुतलेली, ओठांवर पांढरी पुटं. शेटांनी बोट लावलं, जिभेला टेकवलं. मीठ.

म्हातारीला पुन्हा काहीतरी सांगायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं. तोच मोरीतला भांडी घासल्याचा आवाज थांबला... कुणीतरी ऐकायला वळल्यासारखा.

जया तर समोरच बसली होती.