तीन आठवड्यांची शांतता

"माझ्या गोळ्या कुणीतरी बदलतंय," सिक्स्टन रास्क म्हणाला. "आणि पोलिसांकडे मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

कॉफी ओतता ओतता तुरेचा हात थांबला. सिक्स्टनला गावात कोण ओळखत नाही? बायकांवर हात टाकला म्हणून सात वर्षं आत होता. सुटल्यावर मावशीकडे राहतो. तुरेनं कप ठेवला आणि पटकन मागे सरकला.

तुरेची मेहुणी हिल्लेवी ब्रोड मात्र जागची हलली नाही. गावातली एकुलती एक खाजगी गुप्तहेर ती. "कसल्या गोळ्या?" तिनं विचारलं.

"पुरुषी हार्मोन खाली आणणाऱ्या. डोकं थंड राहतं. मी स्वतः मागून घेतल्यात, बाई."

"बदलल्या कशावरून म्हणतोस?"

"त्या घेतल्या की पन्नाशीतल्या बाईसारख्या वाफा येतात अंगातून. भर थंडीत खिडकी उघडी टाकून झोपायचो. तीन आठवडे झाले, आता दोन पांघरुणं लागतात. परवा एक गोळी चुकून चावली, तर गोड!" त्यानं मान खाली घातली. "जुने विचार परत यायला लागलेत. काल बसमध्ये शेजारी एक बाई बसली, तर मी तिथंच उतरलो. उद्या रक्ततपासणी आहे. म्हणतील, यानंच थुंकल्या. परत आत. पण आत जायचं सोडा, मला माझीच भीती वाटतेय."

हिल्लेवी उठली. "भावजी, गाडी काढा."

मावशीचं नाव डाग्नी. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज फौजदाराचा. स्वयंपाकघराच्या खिडकीत गोळ्यांची डबी होती, आठवड्याच्या सात खणांची.

"ही कोण भरतं?"

"मीच. दर रविवारी. आणि सांगून ठेवते, मला त्या गोळ्या डोळ्यांसमोर नकोत. पोरगं बघा कसं फुगलंय!"

तुरेनं हिल्लेवीला कोपरानं ढोसलं. "सापडली!"

ती अंगणात बघत होती. कोंबड्यांच्या घोळक्यात एक कोंबडा अंग चोरून बसला होता. डोक्यावरचा तुरा सुकलेला, रंग उडालेला.

"म्हातारा झालाय का?"

"म्हातारा? दीड वर्षाचा आहे! प्रदर्शनात पहिला आलेला. आता आरवत नाही, कोंबड्यांकडे ढुंकून बघत नाही. जनावरांचा डॉक्टर आणला, त्यालाही कळेना." मावशीचे डोळे भरून आले. "माझा जीव आहे हो त्याच्यावर."

दहाच्या ठोक्याला शेजारचा एगॉन फ्लिंक आला. रिटायर पोस्टमन. रोज दहाला इथंच कॉफी. सिक्स्टनपासून लांबची, खिडकीजवळची खुर्ची धरली, खिशातून छोटी डबी काढली आणि दोन पांढऱ्या गोळ्या कॉफीत टाकल्या.

"डॉक्टरनं साखर बंद केलीय," तो म्हणाला.

"सिक्स्टन इथं राहतो, ते चालतं तुम्हाला?" हिल्लेवीनं विचारलं.

"नाही चालत. कळवलंय मी तसं."

"तोंडावर?"

"छे! चिठ्ठी टाकली."

मावशीनं फाडकन टेबलाचा खण उघडला. "चौदा चिठ्ठ्या टाकल्यात यानं! सिक्स्टनबद्दल एक. बाकी तेरा कोंबड्याबद्दल, पहाटे चारला आरवतो म्हणून. रोज माझ्यासमोर बसून कॉफी ढोसतो, पण बोलेल तर शपथ!"

"बोलून शेजार कशाला नासवायचा? आता तर कोंबड्याशी माझं जमलंय. रोज कुंपणावरून गोड पाव भरवतो मी त्याला."

तुरे कुजबुजला, "म्हातारीच. नाहीतर हा, पोराला आत धाडायला."

"सिक्स्टनला जरा बाजूला ठेवा, भावजी," हिल्लेवी मोठ्यानं म्हणाली. "सगळे त्याच्याकडेच बघत बसलेत. गोळ्या डबीतून गेल्या, मग पोचल्या कुठं? सिक्स्टनच्या वाफा थांबल्या आणि तरणा कोंबडा गार पडला. मावशीला गोळ्यांचा राग आहे, पण ती त्या मोरीत टाकेल, लाडक्या कोंबड्याला घालणार नाही. मग डबीत गोड गोळ्या भरल्या कुणी? रोज या खिडकीशी कोण बसतं? कोंबड्याला पाव कोण भरवतं? आणि चौदातल्या तेरा चिठ्ठ्या कुणावर होत्या?"

एगॉननं कप बशीत ठेवला.

"मला याला आत धाडायचं नव्हतं, आईशप्पथ!" तो म्हणाला. "याच घरात ऐकलं, गोळ्यांनी माणूस शांत होतो. म्हटलं, कोंबडा का नाही व्हायचा? वर्षभर झोप नव्हती हो मला!"

तुरेला हसू फुटलं. मग सिक्स्टनचा चेहरा दिसला आणि ते घशातच राहिलं.

"तू झोपलास," सिक्स्टन हळू आवाजात म्हणाला, "आणि मी तीन आठवडे स्वतःवर पहारा देत जागलो. माझा पाय घसरला असता, तर भोगलं कुणी असतं? बसमधल्या त्या बाईनं."

हिल्लेवीनं फोन एगॉनपुढे सरकवला. "दवाखान्याच्या नर्सला सांगा. सगळं."

"चिठ्ठी लिहून दिली तर?"

"तोंडानं!" मावशी ओरडली.

एगॉननं सांगितलं. मग नर्सनं विचारलं, "कोंबड्याला?" त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

शेवटी ती म्हणाली, "सिक्स्टनला आत्ताच इकडे पाठवा. उद्यापर्यंत थांबू नका. यापुढे गोळी रोज आमच्यासमोर घेईल. डॉक्टरांशी मी बोलते. त्यानं स्वतःहून शोध घेतला, हेही लिहून घेते."

सिक्स्टननं बूट घातले. दाराशी तो घुटमळला. "बसनं नको वाटतंय आज," तो म्हणाला. "एकट्यानं तर नकोच."

तुरेनं किल्ली काढली, गाडीचं पुढचं दार उघडलं आणि सीटवरची जुनी वर्तमानपत्रं मागे भिरकावली.

"बस," तो म्हणाला. "पट्टा लाव. मी जरा जोरात चालवतो."