वेगवेगळ्या विभागांचे दोघे

तिच्या त्या पत्राला मी कधी उत्तर दिलं नाही. पत्र आलं तेव्हा माझे केस काळे होते. आता डोक्यावर सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

आमची भेट विद्यापीठाच्या सूचनाफलकासमोर झाली. शहराच्या पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठानेच निधी जाहीर केला होता. अट एकच — अर्ज दोघांनी मिळून करायचा, आणि दोघं वेगवेगळ्या विभागांचे हवेत. मी नाक काचेला टेकवून वाचत होतो, तर मागून आवाज आला, “फलक खाऊन झाला असेल तर आम्हालाही वाचू द्या.”

मी घाईने बाजूला झालो, तो नेमका तिच्याच पायावर.

“आई गं! कुठला विभाग तुमचा?”

“इ… इतिहास.”

“छान! मी पर्यावरणची. मला एक इतिहासवाला हवाच होता. पाय तुडवणारा असला तरी चालेल.”

अर्जाच्या तयारीसाठी रस्त्यांखाली बुजलेला एक ओढा आम्ही शोधू लागलो. मी जुन्या नकाशांत, ती गटारांच्या झाकणांपाशी. झाकणाला कान लावायची, मग माझी बाही ओढून मलाही वाकवायची. “येतंय ऐकू?”

मला माझ्या छातीतली धडधड तेवढी ऐकू यायची. “हो… बरंच पाणी आहे,” मी म्हणायचो.

“खोटारडा. या झाकणाखाली कोरडं आहे.”

मग मी अक्कल पाजळली. दिवसभर तिच्या शेजारी बसता यावं म्हणून गुपचूप विभाग बदलून घेतला. तिला चकित करायचं होतं! आम्ही अर्ज द्यायला गेलो, तर कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. “दोघंही पर्यावरणचे? नियमात बसत नाही.”

बाहेर पायरीवर ती म्हणाली, “अरे वेड्या, वेगळे होतो म्हणून तर एकत्र होतो!” हसू लागली… आणि मध्येच थांबली. निधीशिवाय इथे राहणं तिला परवडणारं नव्हतं. महिन्याभरात ती दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात गेली.

तिथून पत्र आलं. ‘इथेही असाच निधी आहे. बुजलेला ओढाही आहे. इतिहासवाला मात्र मिळत नाही. येतोस?’

मी मनाशी ठरवून टाकलं — तिला इतिहासवाला हवाय, मी नव्हे. आणि मी तर आता धड इतिहासाचाही उरलो नव्हतो.

परवा पुस्तकं आवरताना भाचीच्या हाती ते पत्र लागलं. तिने वाचलं आणि कपाळावर हात मारला. “मामा, अख्ख्या शहरात इतिहासवाल्यांचा दुष्काळ पडला होता का? ही बाई तुला बोलावत होती!”

“असं… स्पष्ट कुठे लिहिलंय?”

“मग काय, दवंडी पिटायला हवी होती?”

पत्ता भाचीनेच शोधून दिला. ‘त्या बाई आता निवृत्त झाल्यात, नातवंडांत रमल्यात,’ हेही हळूच सांगितलं. मी लिहिलं, ‘मला यायचं होतं. निधीसाठी नाही, तुझ्यासाठी. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.’ खाली ‘उत्तराची अपेक्षा नाही’ असं जोडलं. बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो… आणि ती खोडली.

मग चपला घातल्या आणि पत्र टपालपेटीत टाकून आलो.